गोऱ्या बाईला मी काय सांगितलं

लातूर,
गुरुवार, दुपार

प्रिय अक्का,

मी तुला पत्र लिहितोय हे कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "अरं दिग्या, मला कुठं वाचता येतंय? येडं का खुळं!" ठाऊक आहे मला. जित्तेपणी तुला अक्षर येत नव्हतं, आणि आता तर तुला जाऊन चार महिने झाले. तरी लिहितोय. तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुलाच विचारून मग काय ते कळवा, असा मला वरून हुकूम आहे.

काल फॅक्टरीच्या दफ्तरात माझ्या नावाचं पाकीट आलं. वर परदेशी तिकिटं. शिपायानं ते सगळ्यांना दाखवून मग माझ्या टेबलावर ठेवलं. उघडून बघतो तर गोऱ्या बाईचं पत्र! नांदेडच्या कापसाच्या जिनात आली होती ती. रुईची कणी नाकात जाऊन शिंकून शिंकून बेजार झाली होती. तुम्ही साऱ्या जणी तोंडं फिरवून हसत होता, मग ती पण हसली होती.

तू ज्या जबाबाची इतकी वर्षं वाट बघितलीस, तो आला अक्का. तू गेल्यावर आला.

तुला तेव्हा मी सांगितलं होतं, ती बाई कशासाठी आली ते. विलायतेकडं जिनिव्हा म्हणून एक गाव आहे. तिथं साऱ्या मुलखांचे लोक जमतात, सरकारचे, मालकांचे, मजुरांचेही. आणि मिळून ठरवतात की मजुराला अमुक तासांच्या वर राबवू नये, बाळंतिणीला कामावरून काढू नये, अंगावरच्या लेकराला पाजायला आईला सोडावं. साऱ्यांनी एकदम ठरवायचं. एकानंच मजुरांना नीट वागवलं, तर त्याचा माल महाग पडतो आणि वाईट वागवणाऱ्याचा खपतो. तू भाकरी थापता थापता ऐकत होतीस. म्हणालीस, "म्हंजी समद्यांनी मिळून बांध घालायचा. एकट्यानं घातला तर फुटतोय." मी मॅट्रिक झालेला माणूस, मला हे समजायला दोन कागद वाचावे लागले होते!

पण तो बांध आपल्या रियासतीच्या हद्दीवर येऊन थांबत होता. इंग्रजी मुलखात कायदे झाले की काही मालक आपली यंत्रं उचलून निजामाच्या मुलखात आणायचे, इथं विचारणारं कोणी नाही म्हणून. हेच त्या बाईला त्या सभेपुढं मांडायचं होतं. गावोगाव फिरून मजूर बायांच्या तोंडून ऐकायचं, लिहून घ्यायचं. हैदराबादेहून कागद घेऊन आली होती, म्हणून मनीजरला नाही म्हणता आलं नाही.

आता मूळ गोष्टीला येतो. किती वेळ टाळणार?

त्या दिवशी बायांमधून कुणाला उभं करायचं, हे मनीजरनं ठरवलं. मुकादमाला म्हणाला, "जी कधीच तोंड वर करून बोलत नाही, अशी आणा." मुकादमानं तुला आणलं! बारा वर्षांत एक तक्रार नाही, मान खाली घालून कापूस लोटणारी रुक्मिणबाई. त्यांना वाटलं, ही काय बोलणार? आणि मधे दुभाष्या म्हणून मला उभं केलं.

तू माझी सख्खी बहीण आहेस, हे मनीजरला ठाऊक नव्हतं. दफ्तरात कुणालाच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. उमरीकडचा आहे, बहीण गावी असते, एवढंच मी बोललो होतो. गावी! तू माझ्या खुर्चीपासून पन्नास पावलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये, केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी होऊन बसलेली असायचीस. मी कोट घालून तिथून जायचो तेव्हा तू दुसरीकडं बघायचीस. मी तुला तसं कधी सांगितलं नाही, गं. तूच ते ओळखलंस. आणि मी ते चालू दिलं.

तुझ्या संगतीच्या बायांना मात्र सारं माहीत होतं. एकाच गल्लीत राहायच्या. त्यांनी पण कधी माझं गुपित फोडलं नाही. उलट त्या दिवशी पारूबाई तुला कोपरानं ढोसत होती ते मी बघितलं. "बोल की अक्का, भेतीस कामून? आपलाच मानूस मधी हाय."

आपलाच माणूस मधे आहे!

मी तुला विचारलं, "बाई, तुमचं नाव सांगा."

तू म्हणालीस, "रुक्मिणबाई, साहेब."

ज्या बाईनं मला अंगाखांद्यावर वाढवलं, आई गेल्यावर माझ्या शिकायच्या हट्टापायी शेतातलं काम सोडून नांदेडला आली, जिनात बसली, मला शाळेत घातलं, तिला मी नाव विचारलं. आणि तिनं मला साहेब म्हटलं. तुझ्या तोंडावर जराशी थट्टा पण होती. तुला मजा वाटत होती की काय? 

बाईनं विचारलं, किती तास काम असतं. तू म्हणालीस, "घड्याळ आमाला कुटून? फजरची बांग झाली की आत येतो. मगरिबची झाली की सुटतो. मधी भाकर खायापुरता भोंगा होतोय." पहाटेच्या बांगेपासून सांजेच्या बांगेपर्यंत. साऱ्या नांदेडात याहून पक्कं घड्याळ नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं, "नियमाप्रमाणे तास आहेत, मधे विश्रांती मिळते." दाराशी मनीजर उभा होता. त्यानं मान हलवली.

इथंच थांबलो असतो तरी देवानं कधीतरी माफ केलं असतं.

मग तिनं विचारलं, अंगावरची लेकरं असतात त्यांचं काय करता? आणि तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं, सुटलो. तू मात्र माझ्याकडं बघितलंस, नीट डोळ्यात, आणि बोलायला लागलीस. तुझा एक शब्द मी विसरलेलो नाही.

"लेकरू घरी कुनापाशी ठिवावं, बाई? संगं आनावंच लागतंय. आनलं की रडतंय. रडलं की मुकादम वरडतोय. मंग आमी काय करतो, बाजरीच्या दान्याएवढी अफू बोटाला लावून चाटवतो. सरकारी दुकानात मिळतीय. चाटवली की झोपतंय लेकरू, सांज होईस्तोर झोपतंय. समद्याच करतो. माझी सोनी बी तशीच झोपायची. त्या दिशी लई रडून राहिली होती, दात येत होते तिला. म्या जराशी जास्त चाटवली. भोंगा झाल्यावर उचलाया गेले तर गार. बाई, म्या मारली माझी पोर. कुनाला सांगितलं न्हाई म्या हे. आता तुमाला सांगून राहिले. बाळंतिनीला दोन म्हैने घरी ऱ्हाऊ द्या, अन् कामावर आल्यावर पाजाया सोडा. दुसरं काय बी मागत न्हाई."

मागं बसलेली एक बाई हुंदका देऊन रडली. साऱ्या बाया खाली बघत होत्या. गोऱ्या बाईनं पेन्सिल टेकवून माझ्याकडं बघितलं.

अक्का, मी काय सांगितलं ते ऐक. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "ती सांगते, बाळं आयांच्या जवळच असतात आणि दिवसभर शांत झोपतात."

एवढंच म्हणालो.

तू बाहेर आल्यावर विचारलंस पण. "म्या येवढं बोलले, अन् तू इत्तुसंच सांगितलंस का रं?" मी म्हणालो, "इंग्रजी आखूड असते, अक्का." आणि तू ते खरं मानलंस! पैशापैशाचा भाव करून भाजी घेणारी, दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारी तू! इतरांना सांगत सुटलीस, "आपलं म्हननं सात समुद्राच्या पार गेलं. माझ्या भावानं धाडलं."

का केलं मी असं? इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, मनीजर उभा होता, नोकरी गेली असती, मग आपण दोघं काय खाणार होतो? खोटं नाही ते. पण पुरतं खरंही नाही.

सोनी गेली तेव्हा, तिचा बाप आधीच वारलेला म्हणून, तिला फडक्यात गुंडाळून गोदावरीच्या काठी मीच नेलं होतं. मामाच्या हातावर ती केवढी हलकी होती, ते मलाच ठाऊक. त्या दिवशी दफ्तरात रजेच्या अर्जावर मी काय लिहिलं सांगू? पोटदुखी. भाची गेली असं लिहिलं असतं तर कुणाची, कुठली, असे प्रश्न आले असते. आणि तुझे ते शब्द मी तसेच्या तसे इंग्रजीत बोलायला गेलो असतो, तर अर्ध्यावर मी रडायला लागलो असतो. साऱ्यांना कळलं असतं ही माझी कोण ते. मला त्याचीच भीती वाटली. आणि दुसरं, सांगायला जीभ रेटत नाही, पण मला तुझी लाज वाटली. गोऱ्या बाईपुढं माझ्या घरच्या बाईनं हे बोलावं, आपल्या हातानं लेकराला अफू दिली म्हणून! तुझी लाज वाटली, अक्का. जिच्या जिवावर कोट चढवला, तिची.

तूही जरा बघायचं होतंस की! कसलं एवढं भाबडं मन? जे तू पारूबाईपाशी बोलली नाहीस, देवापुढं बोलली नाहीस, ते नेमकं मी मधे असताना बोललीस. दुसरा कोणी दुभाष्या असता, तर तू मान खाली घालून "समदं बरं हाय" म्हणून गेली असतीस, आणि निदान खोटं तुझं तरी राहिलं असतं. मी होतो म्हणून तू खरं बोललीस.

तीन महिन्यांनी मला इथं लातूरच्या फॅक्टरीत बढती मिळाली. कशाबद्दल, ते मनीजर बोलला नाही आणि मी विचारलं नाही. तू मोटारीपाशी आलीस धपाटे बांधून. मी म्हणालो, चल माझ्यासंगं. तू म्हणालीस, "तितं तुझ्या दफ्तरातली मानसं यायची घरी. म्या कशाला? इतंच बरी हाय." मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. तू वाट बघत होतीस का, दुसऱ्यांदा म्हणायची?

मग लढाई लागली. मी दोन-चार महिन्यांनी यायचो, तेव्हा पाणी द्यायच्या आधी विचारायचीस, "विलायतहून जबाब आला का रं?" मी म्हणायचो, लढाई चालू आहे, टपालाच्या बोटी बुडून राहिल्यात. लढाई संपली. तोवर तुझ्या छातीत रुई घट्ट बसली होती. दोन शब्द बोललीस की खोकायचीस. शेवटच्या खेपेला पण तेच विचारलंस. मी पुन्हा म्हणालो, बुडालं असेल गं पत्र. तू म्हणालीस, "बुडालं तर बुडालं. दुसरं लिव्ह की मग." मी "हाव" म्हणालो आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो.

कधी कधी मनात येतं, तुला कळलं होतं का गं सारं? मी आपणहून बोलावं म्हणून दर खेपेला विचारत होतीस का? असं असेल तर तू माझ्या थोबाडीत का नाही मारलीस? लहानपणी तर बोरं चोरली म्हणून उभ्या रस्त्यात मारायचीस!

तू गेलीस तेव्हा मी इथंच होतो. निरोप पोचून मी आलो तोवर सारं आटोपलं होतं. दहाव्याला पारूबाई आली, माझ्याजवळ बसली, आणि म्हणाली, "भाऊ, अक्काचा जबाब आला तर आमाला वाचून दावा हं. तिच्यामागं आमी हावोत ऐकाया." मी तिथून उठलो आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखानं व्याकुळ झालाय.

आता त्या पत्रात काय आहे ते सांगतो.

गोरी बाई लिहिते, लढाईमुळं तिचे कागद पेटीत अडकून पडले होते. पण लढाईच्या आधी आमच्या जिनाचं टिपण त्या सभेच्या लोकांपर्यंत गेलं होतं. तिथं मालकांच्या बाजूनं बोलणाऱ्या एकानं उभं राहून त्यातलं एक वाक्य वाचलं. हिंदुस्थानातल्या रियासतींत असल्या कायद्याची काही गरजच नाही, खुद्द तिथल्या मजूर बाईच्या तोंडचं ऐका: बाळं आयांच्या जवळ असतात आणि दिवसभर शांत झोपतात.

सात समुद्राच्या पार तुझं म्हणणं गेलंच नाही, अक्का. माझं गेलं, तुझ्या नावावर. 

ती पुढं लिहिते: "त्या बाई बराच वेळ बोलल्या होत्या आणि तुम्ही एकच वाक्य सांगितलंत. मागं कोणीतरी रडत होतं. मी तेव्हाच कागदाच्या कडेला लिहून ठेवलं की हे पुन्हा विचारायचं. आता सभा पुन्हा भरते आहे, बाळंतिणींचा प्रश्न पुन्हा निघणार आहे. त्या खरोखर काय म्हणाल्या, ते कृपा करून लिहून पाठवा. मात्र आधी त्यांना विचारा. त्यांची हरकत नसेल तरच पाठवा. नाव द्यायचं की नाही, तेही त्याच ठरवतील."

म्हणून हे पत्र. एका परक्या बाईला तुला विचारावंसं वाटलं. तुझ्या पाठच्या भावाला आठ वर्षांत वाटलं नाही.

काल घरी आलो तर तुझी भावजय पाण्याची घागर उचलत होती. तिला सहावा महिना चालू आहे. मी धावत जाऊन घागर काढून घेतली, तिच्यावर ओरडलो, "जड काही उचलायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं?" आणि ओरडता ओरडता तिथंच ओट्यावर बसलो. सोनी पोटात असताना तू नवव्या महिन्यापर्यंत कापसाची गाठोडी ओढत होतीस. तेव्हा मी कुठं होतो? पन्नास पावलांवर, पंख्याखाली, नक्कल काढत.

तिला मी सारं सांगितलं. तिनं दौत-टाक आणून माझ्यापुढं ठेवले. मग म्हणाली, "नोकरी गेली तर माझ्या माहेरी माहूरला जाऊ. देवीच्या पायऱ्यांशी नारळाचं दुकान आहे बापाचं. पण हे लिहा." तुला ही भावजय म्हणून पसंत नव्हती ना, फार बोलते म्हणून? बघ आता.

आज रजा टाकून सकाळपासून बसून तुझं बोलणं मराठीत जसंच्या तसं उतरवलं, आणि शेजारी इंग्रजीत. खोटं बोललो होतो, इंग्रजी मुळीच आखूड नसते. पान भरलं.

पत्राच्या अगदी शेवटी तिनं आणखी एक विचारलंय. लिहिते, "बोलून झाल्यावर त्या बाईंनी तुमच्या कोटाच्या बाहीवर पडलेला कापूस दोन बोटांनी वेचून काढला होता. मजूर बाई साहेबाला असा हात लावत नाही. त्या तुमच्या कोण?"

मला तर ते आठवतही नाही. तू असं केलंस? त्यानंतर? मी जे बोललो त्यानंतर?

अक्का, तू आता बोलणार नाहीस. परवानगी कुणाची घेऊ? मग मी ठरवलंय, आणि चुकलं तर शिव्या घाल. उद्या जुम्म्याची सुट्टी आहे. पहिल्या मोटारीनं नांदेडला येतो. पारूबाईच्या अंगणात साऱ्या जणींना बसवतो. आधी मी काय सांगितलं होतं ते वाचीन, मग तू काय सांगितलं होतंस ते. त्या तिथं होत्या, त्यांना सारं आठवत असणार. कुठं शब्द चुकला तर दुरुस्त करतील. त्यांची हरकत नसेल तर तिथूनच टपालात टाकीन, तुझं नाव घालून, आणि खाली माझं. त्या मला दारातून हाकलतील, तोंडावर थुंकतील, मुकाट ऐकून घेईन. पण वाचल्याशिवाय उठणार नाही, ही तुझी शपथ.

तिच्या शेवटच्या प्रश्नाचा जबाब मात्र कुणाला न विचारता लिहून टाकलाय. ती माझी थोरली बहीण, असं लिहिलंय. आणि ज्या लेकराचं ती सांगत होती, त्याच्या नात्यानं खाली सही करतोय.

दिगंबर,
सोनीचा मामा